शब्द दिलाय ना? मग बदल्यात काय?

'अगं, प्रॉमिस! पुढच्या महिन्यात नक्की!' आपल्या आयुष्यातलं निम्मं टेन्शन या एका वाक्यातून सुरू होतं. बॉस म्हणतो, एप्रिलमध्ये तुझं काहीतरी करतो. घरमालक म्हणतो, फ्लॅट सोडलास की आठ दिवसांत डिपॉझिट परत. रूममेट म्हणते, पगार झाला की पहिले तुझे सहा हजार. मामा म्हणतो, तू एमबीएला अॅडमिशन मिळव, फीचं मी बघतो. बॉयफ्रेंड काय काय म्हणतो ते सोडून देऊ, एका पानात मावायचं नाही.

तर मंडळी, आजचा सवाल असा : यातलं कुठलं प्रॉमिस कोर्टात टिकतं? 'जे मनापासून दिलेलं असतं ते' असं उत्तर मनात आलं असेल, तर शून्य मार्क. कुणाचं मन किती स्वच्छ, हे मोजायची पट्टी कायद्याकडे नाही. तो एकच भोचक प्रश्न विचारतो. 'त्यानं शब्द दिला, बरं झालं. बदल्यात तुम्ही काय दिलंत?'

या 'बदल्यात काय'ला कायद्याच्या मराठीत प्रतिफल म्हणतात. शब्द जाम जड आहे. आपल्या खरेदीखतात त्यालाच 'मोबदला' म्हणतात, आणि तो आपल्या आजीलाही कळतो. आपला करार कायदा १८७२चा. त्याचं कलम २५ सरळ सांगतं की मोबदला नसलेला करार रद्दबातल, काही मोजके अपवाद वगळता. कायद्यानं सोबत उदाहरणंही दिली आहेत. 'अ'नं 'ब'ला फुकटात हजार रुपये द्यायचं कबूल केलं, तर करार रद्दबातल. पण 'ब'ची हरवलेली पैशाची पिशवी 'अ'ला सापडली, त्यानं ती परत दिली आणि मग 'ब'नं पन्नास रुपये द्यायचं कबूल केलं, तर तो पक्का करार. हजार बुडाले, पन्नास मिळाले. फंडा क्लिअर?

मोंढा नावाचं लॉ कॉलेज

माझं गाव वसमत. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'म्हणजे एक्झॅक्टली कुठे?' म्हणजे हिंगोली जिल्हा, आणि १ मे १९९९च्या आधी परभणी. तरीही कळत नसेल तर किचनमधला हळदीचा डबा उघडा, त्यातली थोडी आमच्याकडची असण्याची शक्यता बरीच आहे. २०२४मध्ये वसमतच्या हळदीला जीआय मानांकनही मिळालं. तेव्हापासून आम्ही कॉलर थोडी वर करून चालतो.

करार म्हणजे काय हे मी कॉलेजात शिकले नाही. मास कॉममध्ये आम्हाला अब्रूनुकसानी शिकवली आणि करार कायदा सोडून दिला. तो पाहिला तो मोंढ्यात. शेतकऱ्याची हळद काढणीला येते ती हिवाळा सरता सरता. मग ती शिजवा, वाळवा, पॉलिश करा, आणि त्यानंतर कुठं पोती मोंढ्यात येणार. तोवर घरखर्च, मजुरी, पोराची फी असं सगळं आ वासून उभं असतं. मग आडत्याकडून उचल घेतली जाते. अट तोंडी असते : माल निघाला की माझ्याच आडतीवर आणायचा. कागद नाही, साक्षीदार म्हणावं तर चहावाला.

हा करार आहे का? हंड्रेड परसेंट आहे. एकानं पैसे दिले, दुसऱ्यानं माल आणायचा शब्द दिला. दोन्ही बाजूंनी काहीतरी हललं. आपल्याला वाटतं करार म्हणजे स्टॅम्पपेपर, तिकीट, अंगठा आणि नोटरीचा शिक्का. तसं नसतं. काही ठरावीक व्यवहार सोडले तर तोंडी करारही कायद्याला चालतो. जमिनीची विक्री मात्र नोंदणी केलेल्या कागदाशिवाय होत नाही. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो ना, तोही करारच. तिथे तर कुणी बोलतसुद्धा नाही!

यात एक गंमत आहे. १८७२चा कायदा इंग्रजांच्या मुलखाचा. वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ला आणि हा कायदा आमच्याकडे लागू झाला १९५१मध्ये, संसदेनं जुन्या संस्थानी राज्यांना केंद्राचे कायदे लावले तेव्हा. त्याआधी काय मोंढा बंद होता? उचल होती, इसार होता, शब्द होता. मोबदल्याचा नियम मोंढ्याला कुणी शिकवला नाही. फुकटच्या शब्दावर पोतं उचलायचं नसतं, एवढं आमच्या आडत्यांना आधीच माहीत होतं.

दुकानं बांधली कुणाच्या सांगण्यावरून?

आता जरा पुढचा लेसन. बदल्यात काहीतरी केलंय एवढं पुरत नाही. ते समोरच्याच्या सांगण्यावरून केलेलं हवं.

१८८०चा दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव हा अलाहाबादचा खटला लॉच्या पोरांना पाठ असतो. दुर्गाप्रसादनं पदरचे पैसे घालून बाजारात दुकानं बांधली. पण का? तर कलेक्टरनं सांगितलं म्हणून. नंतर त्या दुकानांत धंदा थाटलेल्या मंडळींनी कबूल केलं की तुम्ही एवढा खर्च केलात, आम्ही विकलेल्या मालावर तुम्हाला कमिशन देऊ. दिलं नाही. दुर्गाप्रसाद कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं असं की दुकानं तुम्ही कलेक्टरसाहेबांना खूश करायला बांधलीत, या व्यापाऱ्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मग त्यांच्या शब्दाला मोबदला कुठून आला?

आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही हौसेनं टीमसाठी रात्रभर जागून प्रेझेंटेशन केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, 'यार, तुला पार्टी!' ती पार्टी विसरा. कुणी सांगितलं होतं जागायला?

वर्गणीची पावती

आता सगळ्यात डेंजर प्रांत, वर्गणी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोठेपणा करून तुम्ही बोलून जाता, 'माझे पाच हजार लिहा!' घरी आल्यावर बायको विचारते, 'कशाचे पाच हजार?' कोर्टात हे पाच हजार वसूल होतात का?

उत्तर आहे, पुढे काय झालं त्यावर. १८८६चा केदारनाथ भट्टाचार्जी विरुद्ध गोरी महोमेद हा खटला कलकत्त्याचा. हावड्याला टाउन हॉल बांधायचा होता. लोकांनी वर्गणीच्या यादीत नावं घातली, या गृहस्थांनी शंभर रुपये लिहिले. वर्गणीच्या भरवशावर ठेकेदार नेमला गेला, काम ठरलं. मग यांनी हात वर केले. कोर्ट म्हणालं, द्या शंभर रुपये. तुमच्या शब्दावर समोरच्यानं अंगावर देणं घेतलंय, आणि हे होणार हे तुम्हाला सही करताना ठाऊक होतं.

याच्या उलट १९१४चा अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली. मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे रुपये द्यायचं कबूल केलं होतं, पण दुरुस्तीचं काम काही सुरूच झालं नाही. तिथे कोर्टानं सांगितलं, यात मोबदला नाही, वसुली नाही. शब्द दोन्हीकडे सारखाच होता. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी त्या शब्दावर विसंबून कुणीतरी पुढचं पाऊल टाकलं होतं.

म्हणून गणपतीच्या वर्गणीत नाव घालताना मंडपवाल्याला ॲडव्हान्स गेलाय का, एवढं बघून घ्या. गेला असेल तर मोठेपणा जपून करा.

काकाचं प्रॉमिस आणि चॉकलेटचं रॅपर

मोबदला म्हणजे पैसाच हवा का? नाही. इथे एक अमेरिकन किस्सा सांगायलाच हवा. १८६९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका काकांनी पुतण्याला सांगितलं, एकविसाव्या वाढदिवसापर्यंत दारू, तंबाखू, शिव्या आणि पैशांवर पत्ते-बिलियर्ड्स सोडून दाखव, पाच हजार डॉलर देतो. पोरानं सोडून दाखवलं! काका वारले, आणि पैशांवरून मॅटर कोर्टात गेलं. तिथल्या वरच्या कोर्टानं १८९१मध्ये निकाल दिला की पैसे द्या. या गोष्टी करायचा त्या पोराला हक्क होता. काकांच्या सांगण्यावरून त्यानं त्या सोडल्या, हाच मोबदला. आपल्या कायद्याच्या व्याख्येतही 'एखादी गोष्ट न करणं' मोबदल्यात बसतं.

मोबदला छोटा असला तरी चालतो का? ब्रिटनमध्ये नेस्ले कंपनीच्या ऑफरवरून वाद झाला. थोडे पैसे आणि चॉकलेटची तीन रॅपर पाठवा, गाण्याची रेकॉर्ड मिळवा. कंपनी ती रॅपर आल्यावर फेकून देत होती. तरी तिथलं सर्वोच्च न्यायपीठ म्हणालं, रॅपर हादेखील मोबदल्याचा भाग. आपल्या कलम २५चं उदाहरण तर याहून सॉलिड आहे. हजाराचा घोडा दहा रुपयांत विकायचं कबूल केलं, तरी संमती राजीखुशीची असेल तर करार पक्का. कमी भावात विकलं म्हणून रडायचं नाही. कोर्ट फार तर एवढं बघेल की भाव इतका पडलाय म्हणजे कुणी दमदाटी तर केली नाही ना.

मग मामाच्या एमबीएच्या फीचं काय? मामा लाडानं म्हणाला असेल तर ती भेट झाली, आणि भेटीचा नुसता शब्द कोर्टात चालत नाही. पण मामा म्हणाला असेल, 'तो कॉल सेंटरचा जॉब सोड, एमबीए कर, फी माझी' आणि तुम्ही खरंच जॉब सोडलात, तर मामला वेगळा. तरीही एक पेच राहतो. घरातल्या घरात दिलेला शब्द कायद्याच्या इराद्यानं दिलाय, हे पटवावं लागतं. १९१९च्या बाल्फोर खटल्यात सिलोनमध्ये नोकरी करणाऱ्या इंग्रज नवऱ्यानं आजारपणामुळे इंग्लंडात राहिलेल्या बायकोला महिन्याला तीस पौंड द्यायचं कबूल केलं होतं. कोर्ट म्हणालं, नवरा-बायकोच्या अशा बोलण्यात आम्ही पडत नाही. त्यामुळे मामावर केस करण्याआधी आईचा चेहरा आठवा.

'ताई, सही कर ना!'

आणि आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट.

माझी एक मैत्रीण आहे, वसमतचीच. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून तीन नावं लागली. आई, ती आणि धाकटा भाऊ. गेल्या दिवाळीनंतर भावाचा फोन आला. 'ताई, हक्कसोड करून टाक ना. बँकेचं कर्ज काढायलो मी, तीन नावं असली की सह्यांची लई कटकट. तुझ्या फ्लॅटला आठ लाख देतो ना मी. शब्द हाय माझा.'

तिचा भावावर विश्वास नव्हता असं अजिबात नाही. तिनंच त्याला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरलीय. पण रजिस्ट्रीच्या आदल्या आठवड्यात कागदाचा मसुदा व्हॉट्सअॅपवर आला आणि तिनं तो मला फॉरवर्ड केला. मी तो तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या ओळखीच्या वकीलकाकांना वाचून दाखवला. मसुद्यात लिहिलं होतं की लिहून देणार हिनं आपला हिस्सा प्रेमापोटी, राजीखुशीनं, विनामोबदला सोडला आहे.

वकीलकाका म्हणाले, 'तिला सांग, या कागदावर सही झाली की तुझा हिस्सा गेला. त्याचे आठ लाख या कागदावर कुठायत?'

इथे कायदा नीट समजून घ्या, कारण दर उन्हाळ्यात आपल्यातल्या कितीतरी मुली गावाकडे जाऊन असा कागद करून येतात. भावानं 'हक्क सोड, आठ लाख देतो' म्हटलं आणि बहिणीनं हक्क सोडला, तर त्या शब्दाला मोबदला आहे. त्याच्याच सांगण्यावरून तिनं काहीतरी सोडलं. म्हणजे पुस्तकात ती जिंकते. पण कोर्टात पुस्तक नाही, पुरावा चालतो. तिनं स्वतः सही केलेला नोंदणीकृत कागद म्हणतो 'विनामोबदला', आणि ती तोंडी म्हणते 'आठ लाख ठरले होते'. लेखी कागदाच्या विरुद्ध तोंडी पुरावा उभा करणं हा पुरावा कायद्यातला सगळ्यात चढाचा रस्ता आहे.

बरं, भाऊ उद्या म्हणाला की ते आठ लाख हक्कसोडीचे नव्हतेच, मी आपलं प्रेमानं देणार होतो, मग? मग कलम २५चा पहिला अपवाद बघायचा. जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेम आणि ममतेपोटी दिलेला शब्द मोबदल्याशिवायही चालतो, पण तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. फोनवरचं प्रेम कायद्याला दिसत नाही.

या अपवादावर आपल्या मुंबई हायकोर्टाचा १८९९चा एक झक्कास निकाल आहे, भिवा विरुद्ध शिवराम. दोन भाऊ. एकानं जमिनीत वाटा मागितला, दुसऱ्यानं शपथेवर सांगितलं की जमीन वडिलोपार्जित नाही. दावा फेटाळला गेला. पुढे त्याच जिंकलेल्या भावानं नोंदणीकृत कागद करून अर्धी जमीन द्यायचं लिहून दिलं, आणि मग दिली नाही. दुसऱ्या फेरीत कोर्टानं तो कागद उचलून धरला. भावाशी समेट व्हावा म्हणून जमीन द्यायला तयार झालेल्या माणसाच्या मनात माया आहे, हे कोर्टानं मानलं. याच्या पुढच्याच वर्षी कलकत्त्यात राजलखी देबीच्या खटल्यात उलटं झालं. नवऱ्यानं बायकोला वेगळं राहायला खर्च द्यायचा नोंदणीकृत कागद केला होता, पण त्याच कागदात दोघांच्या भांडणांचा पाढा वाचला होता. कोर्ट म्हणालं, यात माया कुठे दिसते? करार गेला. थोडक्यात, कागद हवा आणि कागदात मायाही दिसायला हवी!

मुलींचा हिस्सा हा काही भावाचा उपकार नाही, हेही जाता जाता लिहून ठेवा. महाराष्ट्रानं १९९४मध्ये तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं. ९ सप्टेंबर २००५पासून तो हक्क देशभरातल्या हिंदू मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२०ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे हक्कसोड करताना तुम्ही एक खरी, मोजता येणारी गोष्ट देताय. मग बदल्यात काय, हा प्रश्न विचारणं म्हणजे लोभ नव्हे.

मैत्रिणीनं भावाला फोन केला. तो म्हणाला, 'ताई, आता आपल्यात बी कागद करायचा का?' ती सांगते, त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी फोन आईनं घेतला. आई म्हणाली, 'कागद केल्यानं नातं तुटत नसतंय, अन् नाही केला म्हणून टिकतंय असं बी नाही. तुझ्या बापाची अन् काकाची बांधावरची केस अकरा वर्षं चालली. दोघं बी शब्दाचेच पक्के होते.'

मसुदा बदलला. आठ लाख, हप्ते, तारखा, चेकचे नंबर, सगळं कागदात आलं. मोबदला लिहिला की मुद्रांक शुल्काचं गणित बदलू शकतं, म्हणूनही काही जण 'विनामोबदला' लिहायचा सल्ला देतात. ते गणित वकिलाकडून आधी करून घ्या आणि मग ठरवा काय स्वस्त पडतं. तिच्या खात्यात पहिले तीन लाख सहीच्या दिवशी आले. बाकीचे हळद विकल्यावर. भाऊबीजेला ती गेली होती, जेवण नेहमीसारखंच झालं म्हणाली. फक्त भाऊ थोडा कमी बोलला.

ऑफिसवाल्यांनो, इकडे लक्ष!

बॉसच्या 'काहीतरी करतो'चं काय? सॉरी. एक तर तुम्ही तेच काम करताय ज्याचा पगार मिळतो, मग जास्तीच्या पैशाला नवा मोबदला कुठला? आणि दुसरं म्हणजे 'काहीतरी' हा आकडा नाही. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो कलम २९नुसार रद्दबातल. 'बघू या', 'अॅडजस्ट करू', 'तू टेन्शन नको घेऊ' ही सगळी वाक्यं याच कलमाखाली दफन झालेली आहेत. तीच गोष्ट मेलवर आकडा, तारीख आणि 'हे जादाचं काम केलंस तर' अशी आली, की चित्र बदलतं. ईमेल आणि मेसेजवरचे करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहेत म्हणून बाद होत नाहीत, ही सोय आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे. म्हणून चॅट डिलीट करायची घाई नको.

उलट बाजूही बघा. जॉइनिंगच्या जोशात तुम्ही जो बाँड साइन करता, तो तुमचा शब्द असतो. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीवर वेळ आणि पैसा खर्च करावा लागतो, हे कोर्टानं विचारात घेतलं. याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड बरोबर, असा नाही. पण 'बाँड म्हणजे नुसता कागद असतो रे' असं सांगणाऱ्या सीनिअरला पुढच्या वेळी हे वाचून दाखवा.

सरकारनं दिलेला शब्द

मोबदला नसतानाही शब्द पाळायला लावणारी एक वेगळी वाट आहे. तिथे प्रश्न असा असतो की तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्यानं आपली परिस्थिती बदलली का. आपल्या उल्हासनगरचं उदाहरण घ्या. सेंच्युरी स्पिनिंग मिलचा कारखाना नगरपालिकेच्या हद्दीत घ्यायचं घाटत होतं. कंपनीला सात वर्षं जकात माफ करू असं ठरलं. पुढे पालिका जकात मागायला लागली. सुप्रीम कोर्टानं १९७०मध्ये सुनावलं की सार्वजनिक संस्था झाली म्हणून तिला दिलेल्या शब्दातून सुटका मिळत नाही. पुढे १९७८च्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या निकालात हे तत्त्व आणखी पक्कं झालं. विक्रीकर माफीच्या आश्वासनावर कंपनीनं वनस्पती तुपाचा कारखाना काढला होता, आणि उत्तर प्रदेश सरकारला तो शब्द पाळावा लागला.

निवडणुकीच्या सभेतल्या घोषणा यात बसतात का, हे विचारू नका. मला हसू आवरत नाही.

हातउसने आणि तीन वर्षं

राहिली रूममेट आणि तिचे सहा हजार. हातउसने पैसे हा पक्का व्यवहार, कारण तुम्ही पैसे दिलेले आहेत. पण घड्याळ चालू असतं. अशा येण्यासाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, नाहीतर मुदत संपते. मुदत संपल्यावर तिनं लेखी, सही करून 'देते' म्हटलं, तर कलम २५च्या तिसऱ्या अपवादाखाली तो शब्द पुन्हा जिवंत होतो. तोंडी 'देते गं' मात्र तिथे कामाचं नाही. घरमालकाचं डिपॉझिट? तुम्ही पैसे भरलेत, भाडेकरार आहे, तुमची बाजू भक्कम. फक्त सोडताना भिंतींचे फोटो काढून ठेवा.

आणि एक शब्द असा, ज्याला मोबदला असला, साक्षीदार असले, स्टॅम्पपेपर असला तरी तो कोर्टात चालत नाही. लग्न ठरवताना देण्याघेण्याचा. हुंड्याचा करार १९६१च्या कायद्यानं मुळातच रद्दबातल. त्याची यादी करणाऱ्यांनी ती यादी स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून सांभाळून ठेवावी.

तर पुढच्या वेळी कुणी 'शब्द दिला' म्हणालं की तीन गोष्टी विचारायच्या. बदल्यात मी काय देतेय? ते त्याच्या सांगण्यावरून देतेय का? आणि हे दोन्ही कुठे लिहिलंय? तिन्हींची उत्तरं मिळाली तर बिनधास्त हो म्हणा. नाही मिळाली तरी हो म्हणता येतं. माणसं एकमेकांवर त्याशिवायही विश्वास ठेवतात, आणि ठेवावा. पण जमीन, घर किंवा नोकरी जाणार असेल, तर आधी पेन मागा. ज्याला खरंच द्यायचंय, तो पेन शोधायला मदत करतो.